चिनी पोर्सलीनचे ऐतिहासिक संग्रह व कोकणातील खापरे

कोकणातील जुन्या बंदरांच्या जागी सापडणाऱ्या चिनी पोर्सलीनच्या खापरांचा काळ व मूळ भट्टी ठरविण्यासाठी, राजवाडे व दर्गे यांतून जतन झालेल्या अखंड भांड्यांशी त्यांची तुलना केली जाते. चौल-रेवदंडा आणि उत्तरेकडील संजाण येथे अशी खापरे मिळाली आहेत.

तुलनेचा मुख्य आधार इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याचा आणि इराणमधील अर्दबील दर्ग्याचा संग्रह हा होय. जॉन अलेक्झांडर पोप यांनी त्यांचा अभ्यास अनुक्रमे १९५२ व १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. १३५१ सालचा लेख असलेल्या दोन निळ्या-पांढऱ्या सुरयांच्या आधारे त्यांनी चौदाव्या शतकातील भांड्यांचा गट वेगळा काढला, आणि तो आजही बहुधा ग्राह्य मानला जातो. तोपकापीच्या संग्रहात शतकानुशतके भर पडत गेली. अर्दबीलची भांडी मात्र शाह अब्बासने १६११ च्या सुमारास अर्पण केली, व त्यांवर वक्फची अक्षरे कोरलेली आहेत. त्यामुळे काळाची अलीकडची मर्यादा, म्हणजे भांडे ज्यानंतरचे असू शकत नाही ते साल, ठरविण्यास अर्दबील अधिक भरवशाचे वाटते. अर्थात ही केवळ अलीकडची मर्यादा होय, कारण दानाच्या वेळी त्यांतील काही भांडी दोनशे वर्षांहून जुनी होती. बुडावरील राजचिन्हही, म्हणजे राजवटीच्या नावाचा लेख, एकटे पुरेसे नसते. मिंग घराण्यातील श्वान्द राजवटीचे (१४२६–३५) चिन्ह नंतरच्या कारागिरांनी सर्रास उतरविले. म्हणून बुडाच्या कड्याची घडण, त्याला चिकटलेली वाळू व झिलईची छटा यांना अधिक महत्त्व दिले जाते.

रेवदंड्याचा कोट १५२१ ते १७४० या काळात पोर्तुगीजांकडे होता. तेथील काठावर चौकटी पाडलेल्या पातळ थाळ्यांचे तुकडे मिंग घराण्यातीलच वानली राजवटीशी (१५७३–१६२०) व तिच्या लगतच्या काळाशी जोडता येतात. चिनी पोर्सलीनच्या इराणी नकलांपासून मात्र सावध राहावे लागते: त्यांची तुटलेली कड रवाळ असते आणि पाणी शोषते, म्हणून जिभेला चिकटते, पोर्सलीनची कड चिकटत नाही.

दाभोळ आदिलशाहीचे बंदर असल्याने विजापूरच्या असार महालातील चिनी भांडी भूगोलाने अधिक जवळची ठरतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रह मुख्यतः उत्तरकालीन नमुन्यांसाठी उपयोगी पडतो.

दक्षिण चीनमधील जाडसर, घाईने रंगविलेली भांडी आणि माल भरण्याच्या मोठ्या बरण्या दरबारी संग्रहांत क्वचितच आढळतात. किनाऱ्यावरील अशा खापरांसाठी बुडालेल्या जहाजांतील मालाशीच तुलना करावी लागते.