मुदतवाढीचा इतिहास: नियामकांच्या रखडलेल्या संगणकीकरणावर देखरेख कोणाची?

२०२३ च्या फेब्रुवारीत कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. २२ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात काही ठरावीक अर्ज कागदावर सही करून, सोबत त्यांची इलेक्ट्रॉनिक प्रत जोडून, थेट कंपनी निबंधकांच्या कार्यालयात देण्याची मुभा त्यात होती. मुंबईतल्या कंपन्यांसाठी हे कार्यालय म्हणजे मरीन ड्राइव्हवरची एव्हरेस्ट इमारत. भागवाटपाचा पीएएस-३, ठरावांचा एमजीटी-१४, भांडवलवाढीचा एसएच-७ असे अर्ज तिथे नेऊन द्यायचे, पोच घ्यायची आणि हाच अर्ज नंतर शुल्कासह पोर्टलवर पुन्हा भरू, असे हमीपत्रही लिहून द्यायचे. कागद आणि रांगा संपवण्यासाठी जी प्रणाली उभारली होती, तिच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जाताना मंत्रालयाला कागदाचाच आधार घ्यावा लागला. हे कसे घडले आणि घडत असताना त्याचा जाब विचारण्याची व्यवस्था कोणती होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कंपन्यांचे अर्ज ऑनलाइन घेण्याचा मंत्रालयाचा एमसीए-२१ हा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी १८ मे रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली आणि तिच्यातील २७ मिशन मोड प्रकल्पांमध्ये त्याचा समावेश होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ही पहिली आवृत्ती उभारली. कंपन्यांची कागदपत्रे घरबसल्या पाहता येऊ लागली, संचालकांना ओळख क्रमांक मिळाले, निबंधक कार्यालयातील गठ्ठे ओसरले. तो बदल खरोखर मोठा होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जानेवारी २०१३ मध्ये दुसरी आवृत्ती इन्फोसिसकडे गेली. १ एप्रिल २०१४ पासून नव्या कंपनी कायद्यातील बहुतेक तरतुदी लागू झाल्या आणि त्यांच्यासाठी नवे अर्ज आणावे लागले.

तिसऱ्या आवृत्तीची घोषणा फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात झाली. विदा विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली ही प्रणाली २०२१-२२ या वर्षात सुरू होईल, असे सभागृहात सांगण्यात आले. काम एल अँड टी इन्फोटेककडे होते. २४ मे २०२१ रोजी पहिला टप्पा आला, मार्च २०२२ मध्ये मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांचे अर्ज आले, त्याच वर्षी ऑगस्टअखेर कंपन्यांचे ९ अर्ज आले आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन हप्त्यांत आणखी ५६. उरलेले ३८ अर्ज १४ जुलै २०२५ रोजी आले. त्यांत ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे सर्वाधिक वापराचे अर्ज होते. म्हणजे जे २०२१-२२ मध्ये मिळायचे होते, ते पूर्ण व्हायला त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ गेला.

या काळात कामाची पद्धतही बदलली. आधी पीडीएफ अर्ज उतरवून घ्यायचा, कचेरीत सवडीने भरायचा, सह्या उमटवायच्या आणि शेवटी एकदाच चढवायचा, असा क्रम होता. मध्येच इंटरनेट गेले तरी भरलेले वाया जात नसे. नव्या पद्धतीत अर्ज पोर्टलवरच भरायचा, मग उतरवायचा, सही करायची आणि परत चढवायचा. शिवाय सही करणाऱ्या संचालकाची डिजिटल स्वाक्षरी आधी त्याच्या खात्याशी जोडलेली असावी लागते. फोर्टमधल्या एखाद्या कंपनी सचिवाच्या कचेरीत शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी ‘फॉर्म भरला का’ असे कुणी विचारत नाही, ‘एसआरएन’ म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक ‘आला का’ असे विचारतात. तो क्रमांक पडद्यावर येत नाही, तोवर दिवसभराची मेहनत कायद्याच्या नजरेत शून्य असते.

आणि कायदा उशिराला माफ करत नाही. जुलै २०१८ पासून एओसी-४ आणि एमजीटी-७ या दोन्ही अर्जांना दर दिवसाच्या उशिरासाठी प्रत्येकी १०० रुपये अतिरिक्त शुल्क आहे आणि त्याला कमाल मर्यादा नाही. अर्ज भरणाऱ्याच्या उशिराचे मोजमाप असे दिवसागणिक होते. प्रणालीच्या उशिराचे मात्र तसे होत नाही. मराठीत ‘मुदतवाढ’ हा एकच शब्द दोघांसाठी वापरला जातो, कंत्राटदाराला मिळते तीही मुदतवाढ आणि करदात्याला किंवा कंपनीला मिळते तीही. माझ्या मते या प्रकल्पांच्या विलंबाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणजे मुदतवाढीची ही परिपत्रकेच, कारण पोर्टल कुठे आणि कधी अडले याची नोंद त्यांच्या तारखांतून आपोआप होत गेली आहे.

देखरेखीची यंत्रणा नाही असे नाही. मंत्रालयाचा खर्च नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात, त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात आणि अर्थविषयक स्थायी समिती दरवर्षी मंत्रालयाच्या अनुदानमागण्या पाहते. पण ही सारी रचना रुपयांचा हिशेब लावण्यासाठी घडली. मंजूर रक्कम किती, खर्च किती, टप्पा पूर्ण झाला की नाही, हे तिला नीट दिसते. हजारो कचेऱ्यांत वाया गेलेले तास तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. किती अर्ज अर्धवट राहिले, किती वेळा पोर्टल बंद होते, याची तिमाही नोंद संसदेपुढे ठेवणे बंधनकारक असते, तर २०२३ चे ते परिपत्रक काढण्याआधीच प्रश्न विचारले गेले असते.

मुंबईतल्या इतर नियामकांकडे पाहिले की ही रचना किती असमान आहे ते कळते. वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबीचे हिशेब सेबी कायद्याच्या कलम १५ नुसार महालेखापरीक्षकांकडे जातात. रिझर्व्ह बँकेचे नेहमीचे लेखापरीक्षक मात्र केंद्र सरकार नेमते. स्थावर संपदा कायद्याने महारेराचे लेखापरीक्षणही महालेखापरीक्षकांकडे दिले आहे आणि तिचा वार्षिक अहवाल राज्य विधिमंडळापुढे येतो. सेबीची तक्रार निवारण प्रणाली ‘स्कोअर्स’ २०११ मध्ये सुरू झाली आणि तिची दुसरी आवृत्ती १ एप्रिल २०२४ रोजी आली. अशा प्रणालींच्या वेळापत्रकाकडे बाहेरून कोण आणि किती बारकाईने पाहणार, हे त्या-त्या संस्थेच्या मूळ कायद्यावर ठरते.

राज्याच्या पातळीवर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची त्यात तरतूद आहे. मात्र सेवेची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. पोर्टलने अर्ज घेतलाच नाही, तर मोजणी सुरूच होत नाही आणि नागरिकाच्या हाती अपिलासाठी तारीखसुद्धा राहत नाही.

२०२४ मध्ये लोकलेखा समितीने संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा हा विषय घेतला. इकडे कंपन्यांच्या वार्षिक अर्जांचा पहिला हंगाम नव्या पोर्टलवर सुरू होऊन तीन महिने झाले, तेव्हा १७ ऑक्टोबर २०२५ रोजी मंत्रालयाने आणखी एक परिपत्रक काढले आणि हे अर्ज अतिरिक्त शुल्काविना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरण्याची मुभा दिली.