आवाज सहन होत नाहीत? इअरप्लग मागवण्याआधी हे वाचा

गणपती-दिवाळी झाली की आमच्याकडे एकच मागणी सुरू होते: "सगळ्यात जाड इअरप्लग द्या, दिवसभर घालायचेत." फोनवर तेच, व्हॉट्सॲपवर तेच. तपासणी झाल्याशिवाय आम्ही दिवसभर घालायला प्लग देत नाही, आणि त्यावरून ग्राहक रागावतात. माल कपाटात असून नाही म्हणणारा दुकानदार कुणालाही विक्षिप्तच वाटणार. म्हणून कारण एकदा छापूनच देतो.

हे पत्रक ज्यांच्या हातात आहे त्यांना त्रास समजावून सांगायला नको. ओट्यावर पातेलं आपटलं, कुकरची शिट्टी झाली, मागून हॉर्न वाजला की कानात कळ येते, डोकं भणभणतं, आणि शेजारच्याला मात्र काहीच झालेलं नसतं. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याच्या तपासणीचा आलेख, पुष्कळदा नॉर्मल येतो. मग घरात "जरा जास्तच करतेस" हे ऐकून घ्यावं लागतं. हे सोंग नव्हे. डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) याला हायपरअक्युसिस म्हणतात, आणि बऱ्याच जणांचा त्रास हळूहळू कमी होतो.

शांत घरात प्लग नको

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. सुरुवातीला प्लग फक्त रस्त्यावर असतो. मग मिक्सर लावताना. मग जेवताना, कारण ताटवाट्या वाजतात. शेवटी खिडक्या बंद, टीव्ही बंद, घरातले दबक्या आवाजात बोलताहेत, आणि तरीही कानात प्लग. या टप्प्यावर ग्राहक येऊन म्हणतात, "एवढं जपूनही वाढतच चाललंय." बहुतेक वेळा त्या जपण्यानेच वाढलेलं असतं.

कानातून येणारा आवाज घटला की मेंदूतली ऐकण्याची यंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवते. जुन्या रेडिओवर स्टेशन लागेना म्हणून आवाज वाढवत न्यावा आणि अचानक स्टेशन लागून घर दणाणावं, तसं प्लग काढल्यावर होतं. 2003 साली अमेरिकेत श्रवण-संशोधक क्रेग फॉर्म्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. नॉर्मल ऐकू येणाऱ्या स्वयंसेवकांनी दोन आठवडे प्लग घातले, तर नेहमीचेच आवाज त्यांना जास्त मोठे वाटू लागले. दोन आठवडे मंद, सलग आवाज देणारी छोटी यंत्रं लावली, तर उलट सहनशक्ती वाढली. धडधाकट कानांची ही गत, तर आधीच हुळहुळ्या झालेल्या कानांचं काय होत असेल!

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनलाही हाच नियम. बसमध्ये चालेल, घरी दिवसभर नको. आणि कापसाचे बोळे तर कशालाच नकोत. आवाज फारसा अडत नाही, मळ मात्र आत सरकतो.

मग प्लग वापरायचेच नाहीत का? जिथे धडधाकट माणसानेही वापरायला हवेत तिथे जरूर वापरा: ढोल-ताशा पथकाजवळ, डीजेच्या भिंतीपुढे, फटाके, कटर, ड्रिल. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा. दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पाव तास. नीट बसवलेला फोमचा प्लग 20 ते 30 डेसिबल कमी करतो. एमआरआय असेल तर आधीच सांगून प्लग आणि वरून इअरमफ दोन्ही मागा, ते यंत्र फार दणका देतं. मिक्सरची गोष्ट वेगळी. चटणीपुरता मिनिट-दोन मिनिटं चालणारा मिक्सर कानाला झोंबतो, पण इजा करत नाही. झोंबणं आणि इजा होणं यात ज्यांना फरक कळला त्यांची पुढची वाट बरीच सोपी होते, असा आमचा अनुभव आहे.

सवय कशी लावायची

महिनोन्महिने घातलेले प्लग एका दिवसात काढून फेकू नका. आधी घरातल्या सगळ्यात शांत खोलीत, पंखा लावून, थोडा वेळ काढा. तेवढं अंगवळणी पडलं की वेळ वाढवा. मग खोली बदला. खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. पंखा, कूलर, फोनच्या स्पीकरवर पावसाचा आवाज, काहीही सलग चालेल. आजूबाजूला मंद आवाज असला की भांडं पडल्याचा दचका कमी बसतो.

नंतर ठरवून एकेक आवाज घ्यायचा. मिक्सरचंच उदाहरण घ्या. पहिले काही दिवस दुसऱ्या खोलीत बसा, दार उघडं ठेवा, आणि घरातल्या माणसाने सांगून मिक्सर लावायचा. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहा. मग मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेवून बटण स्वतः फिरवा: आधी नुसता पल्स, मग पाच-दहा सेकंद, मग चटणी होईपर्यंत. बटण आपल्या हातात असलं की तोच आवाज कमी बोचतो, म्हणून हे काम सूनबाईवर किंवा आईवर ढकलू नका. किंचित अस्वस्थ वाटलं तर ठीक. दुखलं आणि ते दुखणं तासन् तास राहिलं तर पाऊल मोठं पडलं. आधीच्या पायरीवर या. कानदुखी हाच मुख्य त्रास असेल तर वेग आणखी कमी ठेवा आणि आम्हाला विचारून चाला.

मध्येच कुणी फटाका फोडतो आणि चार दिवस सगळं मागे गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी एक पायरी मागे जायचं, पुन्हा प्लगपाशी जायचं नाही. आणि घरच्यांना हात जोडून विनंती: "सवय होऊ दे" म्हणून मागून ताट वाजवू नका. अचानक येणारा आवाज हा सगळ्यात शेवटचा धडा, पहिला नव्हे. तसंच घरभर दबकून वावरूही नका, नेहमीसारखं बोला.

यंत्र लागतंच का?

नाही, प्रत्येकाला लागत नाही. सौम्य त्रास असेल तर पंखा, फोन आणि चिकाटीवर भागतं आणि तसं आम्ही तोंडावर सांगतो. ज्यांना भागत नाही त्यांच्यासाठी कानामागे बसणारं साउंड जनरेटर असतं. कान बंद होत नाही, बाहेरचं ऐकू येत राहतं, आणि सोबत पावसासारखी मंद सळसळ चालू असते. आवाज इतका हळू लावतो की लक्ष दिलं तरच कळावं, आणि काही आठवड्यांनी थोडा थोडा वाढवतो. रोज काही तास लावायचं असतं. इथेही एक खोड नेहमीची: लवकर बरं व्हायचं म्हणून ग्राहक स्वतःच आवाज वाढवतात आणि आठवड्यात यंत्र परत आणतात, "त्रास वाढला." हे महिन्यांचं काम आहे, आठवड्यांचं नव्हे. गर्दीत जाणाऱ्यांसाठी आमच्याकडे मापाचे फिल्टर प्लगही मिळतात. ते साधारण 15 डेसिबलच कमी करतात, त्यामुळे बोलणं कळतं आणि आजूबाजूच्या आवाजांपासून कान पूर्ण तुटत नाही.

तपासणीला येताना

सकाळपासून प्लग घालून येऊ नका. कान ताज्या शांततेतून आला की प्रत्येक आवाज मोठा वाटतो, माप चुकतं आणि पुन्हा यावं लागतं. रिक्षात लागले तर घाला, पण वेळेआधी अर्धा तास येऊन प्लग काढून बसा. आवाज नकोसा होण्याची पातळी आम्ही खालून वर, छोट्या पायऱ्यांनी मोजतो; हात वर केला की तिथेच थांबतो. निकोप कान साधारण 90 ते 100 डेसिबलपर्यंत खपवून घेतात. तुमचं माप किती खाली आहे त्यावर पुढचा बेत ठरतो. रिफ्लेक्सची चाचणी (मोठ्या आवाजाला कानातला छोटा स्नायू आखडतो का ते पाहणारी) जोरदार आवाजाची असते, ती आम्ही पहिल्या भेटीत करत नाही. "दुसरीकडे करतात, तुम्ही का नाही?" याचं उत्तर हेच.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला असेल, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, चक्कर येत असेल, किंवा स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज कानात येत असेल, तर आमच्याकडे आधी येऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा, अचानक बहिरेपण असेल तर त्याच दिवशी. तोंडाचा लकवा झाला की कानातला आवाज आवरणारा छोटा स्नायूही ढिला पडू शकतो. त्यावर आमचं यंत्र हा इलाज नव्हे. मायग्रेनच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी सोबत आणा. फक्त कुणाच्या चावण्या-भुरकण्याचाच संताप येत असेल, तर तो त्रास वेगळा, त्याची वाटही वेगळी. तसं असल्यास योग्य माणसाकडे पाठवतो.

साउंड जनरेटर आधी अनामत ठेवून घरी वापरून पाहता येतं. मुदतीत परत केलं तर कानाच्या मापाचा साचा आणि तपासणी यांची फी वगळून रक्कम परत मिळते. फोमचे प्लग मात्र पाकीट फोडल्यावर परत घेत नाही.