साक्षिचैतन्य

साक्षिचैतन्य : अद्वैत वेदान्तातील संज्ञा. मन, बुद्धी व इंद्रिये यांचे व्यापार ज्या जाणिवेमुळे भासतात, पण त्या व्यापारांनी जिच्यात कोणताही विकार होत नाही, ती जाणीव. ती ज्ञाता नव्हे, कारण ज्ञातेपण हे अंतःकरणासह (मन-बुद्धीसह) येते. ज्ञाता, ज्ञान आणि ज्ञेय ही त्रिपुटीच तिच्यापुढे असते.

‘साक्षी’ शब्दाची सिद्धी पाणिनीने ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ (5.2.91) या सूत्रात दिली आहे. साक्षात् पाहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. स्वतः वादात न पडता पाहिलेले सांगणारा, या व्यवहारातील अर्थाची छाया वेदान्तातील वापरावरही आहे. श्वेताश्वतर उपनिषदात ‘साक्षी चेता केवलो निर्गुणश्च’ (6.11) असा प्रयोग आहे, तर गीतेत (9.18) ईश्वराच्या विशेषणांत हा शब्द येतो. कल्पना मात्र जुनी आहे. ‘दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस’ हे याज्ञवल्क्याचे उषस्ताला दिलेले उत्तर (बृहदारण्यक 3.4.2) तिचा गाभाच आहे.

ही कल्पना वेदान्ताने सांख्यांकडून (प्रकृती व पुरुष ही दोन तत्त्वे मानणाऱ्या दर्शनाकडून) घेतली, असे एक मत आहे. सांख्यकारिकेत (19) पुरुषाचे (म्हणजे चैतन्यरूप आत्म्याचे) साक्षित्व, केवलत्व, माध्यस्थ्य व अकर्तृत्व एकत्र सांगितले आहे, हा त्याचा मुख्य आधार. परंतु सांख्यकारिका बहुधा इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासची असावी. सहाव्या शतकात परमार्थ या बौद्ध भिक्षूने तिचे चिनी भाषांतर केले, त्यामुळे ती त्यानंतरची नाही एवढे निश्चित. श्वेताश्वतर तिच्यापूर्वीचे असून त्यातही सांख्यसदृश परिभाषा आहे. म्हणून दोन्ही दर्शनांनी एकाच जुन्या विचारधनातून ही कल्पना घेतली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भेद पुढे पडला : सांख्यांचे पुरुष अनेक, अद्वैताचा साक्षी तत्त्वतः एक.

साक्षी कशाने कळतो, हा खरा कळीचा प्रश्न. दुसऱ्या ज्ञानाने कळतो म्हटले, तर त्या ज्ञानाला तिसरे ज्ञान लागते आणि अनवस्था (न संपणारी मालिका) होते. न्यायमतात एक ज्ञान त्यानंतरच्या अनुव्यवसायाने, म्हणजे त्या ज्ञानाविषयीच्या दुसऱ्या ज्ञानाने, कळते. भाट्ट मीमांसक (कुमारिलभट्टांचे अनुयायी) विषयावर उमटलेल्या ज्ञाततेवरून (त्याच्या ‘कळलेले असण्या’वरून) ज्ञानाचे अनुमान करतात. दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांनी ज्ञान स्वतःलाच जाणते असे मानले, तर माध्यमिकांनी (शून्यवादी बौद्धांनी) तलवार स्वतःला कापत नाही हा दृष्टान्त देऊन ते नाकारले. अद्वैत्यांचे उत्तर यांहून वेगळे आहे. साक्षी स्वतःला ‘विषय’ करून जाणत नाही. तो कधीच न कळलेला नसतो. तेराव्या शतकाच्या सुमारास चित्सुखाचार्यांनी तत्त्वप्रदीपिकेत स्वप्रकाशत्वाचे लक्षण बांधले : ‘अवेद्यत्वे सति अपरोक्षव्यवहारयोग्यत्वम्’, म्हणजे ज्ञानाचा विषय न होता अपरोक्ष (साक्षात्) व्यवहाराला योग्य असणे. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. नुसते ‘अपरोक्ष व्यवहाराला योग्य’ म्हटले तर घटही त्यात येईल, म्हणून ‘अवेद्य’. नुसते ‘अवेद्य’ म्हटले तर धर्माधर्मासारख्या प्रत्यक्ष न होणाऱ्या गोष्टी शिरतील; म्हणून ‘अपरोक्ष’. सुषुप्तीत (गाढ झोपेत) आणि मुक्तीत व्यवहारच नसतो. तेथेही लक्षण टिकावे म्हणून ‘योग्यत्व’. माध्यमिकांचा आक्षेप या मांडणीला लागू पडत नाही, कारण तलवारीने स्वतःला कापावे असा दावाच तीत नाही.

सुषुप्तीचा पुरावाही येथेच येतो. ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ ही उठल्यावरची स्मृती आहे आणि अनुभवाशिवाय स्मृती नाही. म्हणून झोपेतही साक्षी होता, असे अद्वैती म्हणतात. नैयायिकांच्या मते ती स्मृती नसून अनुमान आहे. रामानुजांनी निर्विषय संविदेची (विषयाविना शुद्ध ज्ञानाची) कल्पनाच नाकारली : ज्ञान नेहमी कोणाचे तरी आणि कशाचे तरी असते.

साक्षी म्हणजे शुद्ध ब्रह्मच की उपाधियुक्त (अंतःकरणासारख्या मर्यादेने युक्त) चैतन्य, याविषयी अद्वैत्यांतही एकमत नाही. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी सिद्धान्तलेशसंग्रहात ही मते संकलित केली. पंचदशी हा अद्वैत ग्रंथ त्याला कूटस्थ (अविकारी) म्हणतो आणि नाट्यशाळेतील दिव्याची उपमा देतो : तो यजमान, प्रेक्षक व नर्तकी यांना सारखेच उजळतो आणि सगळे निघून गेल्यावरही तेवतच राहतो. वेदान्तपरिभाषा या ग्रंथानुसार अंतःकरण हे जीवाचे विशेषण (स्वरूपात सामील घटक), पण जीवसाक्षीची केवळ उपाधी (सामील न होता वेगळेपण दाखवणारी गोष्ट) होय. साक्ष्य (पाहिले जाणारे) नाही तेथे साक्षी कशाचा, हा आक्षेप लक्षात घेता साक्षित्व ही समजावण्यापुरती आरोपित पायरी मानणारे मत अधिक सुसंगत ठरते.

काश्मीर शैवांना निष्क्रिय साक्षी अपुरा वाटतो. उत्पलदेव आणि अभिनवगुप्त यांच्या मते प्रकाशाला (चैतन्याला) विमर्श, म्हणजे स्वतःची दखल घेण्याची शक्ती नसेल तर तो स्फटिकासारखा जडच होईल. अमृतानुभवात ज्ञानेश्वर द्रष्टा आणि दृश्य या दोन्ही टोकांना एकाच वस्तूचा विलास ठरवतात. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्रांचा (काश्मीर शैवांच्या आधारग्रंथाचा) नामोल्लेख असल्याने शैव प्रभाव मानावा, असे काही अभ्यासक म्हणतात. एका उल्लेखावरून संपूर्ण सिद्धान्ताचे मूळ ठरवणे मात्र धाडसाचे होईल.

मराठीतील ‘जाणीव’ हा शब्द साक्षीसाठी वापरताना जपावे लागते. दासबोधात जाणीव हे मूळमायेचे रूप आहे आणि परब्रह्म जाणीव-नेणिवेपलीकडचे. विसाव्या शतकात मुंबईत मराठीतून निरूपण करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांनीही (1897–1981) ‘मी आहे’ ही जाणीव येणारी-जाणारी म्हटली आणि ती ज्याला कळते त्याच्याकडे लक्ष वळवले.