एका घासात आठ बाइट

आपण एखादी फाइल उघडतो तेव्हा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आधी तिचा पत्ता वाचावा लागतो. समजा, ‘/घर/कागद/वही’. तिरकी रेघ आली की एक नाव संपलं, शून्य किमतीचा बाइट आला की पत्ताच संपला. (बाइट म्हणजे आठ बिटांची, ० ते २५५ मधली एक संख्या; बिट म्हणजे ० किंवा १.) मोठा प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे यंत्रभाषेत आणताना, हजारो फाइलींसाठी हेच चालू असतं, त्यामुळे इथे वाचवलेला प्रत्येक क्षण मोलाचा.

पूर्वी हे वाचन एकेका बाइटने चाले. २०१२ मध्ये, कर्नलच्या आवृत्ती ३.४ साठी, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ते बदललं. ६४-बिट रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, आठ बाइट मावतात, तर मग आठही एकदमच तपासायचे! प्रोसेसरमधली त्याहून रुंद रजिस्टरं कर्नलला सहज वापरता येत नाहीत; त्यांत चालू प्रोग्रामची माहिती असते, ती आधी जपून ठेवावी लागते. छोट्याशा नावासाठी तो खर्च परवडत नाही.

युक्ती साध्या वजाबाकीची आहे. आठही बाइटांतून एकेक वजा करा. शून्यातून एक गेला की उसना घेऊन २५५ उरतात, आणि बाइटचा सर्वांत वरचा बिट १ होतो. ही झाली शून्याची खूण. उसन्यामुळे पुढच्या बाइटात कधी खोटी खूण उमटते, पण पहिली खूण खरीच असते. तिरक्या रेघेचा क्रमांक ४७. प्रत्येक बाइटची ४७ शी ‘एक्सॉर’ क्रिया (दोन बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १) केली की रेघेच्या जागी शून्य येतो, मग पुन्हा तीच वजाबाकी.

आता आपला ‘क’ घ्या. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या बाइटांत लिहायच्या पद्धतीत, त्याचे तीन बाइट: २२४, १६४, १४९. तिघांचाही वरचा बिट मुळातच १, आणि एक वजा केल्यावरही १. म्हणजे कर्नलला पहिल्याच अक्षरात शून्य ‘सापडेल’! म्हणून मुळातच वरचा बिट १ असलेले बाइट एका ‘अँड’ क्रियेने (दोन्ही बिट १ असले तरच १) गाळले जातात. मराठी नावाची फाइल बिनचूक उघडते ती या एका पायरीमुळे.

त्यामागे १९९२ चं शहाणपणही आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ अशी रचली, की आस्कीबाहेरच्या (इंग्रजी अक्षरं, अंक आणि नेहमीची चिन्हं यांच्या जुन्या संचाबाहेरच्या) अक्षराच्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट १ असतो. ४७ किंवा शून्य त्यात येऊच शकत नाही. कर्नलला देवनागरीचा गंध नसला तरी चालतं. मर्यादा तेवढी बाइटांत मोजली जाते: एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल साठवायच्या पद्धतीत नावाला २५५ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून देवनागरीची ८५ चिन्हं.