फ्लाइंग ब्रँचचा अर्ज भरताय? आधी बारावीची मार्कशीट काढा

वडोदऱ्याच्या धावपट्टीवरून विमान उठलं की दांडिया बाजारातली पोरं अजूनही गच्चीवर धावतात. त्यांतली काही मोठेपणी एएफकॅटचा, म्हणजे हवाई दलात अधिकारी होण्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला येतात आणि तिथेच कळतं, की बारावी सायन्सला बी ग्रुप, म्हणजे जीवशास्त्राचा गट, होता.

फ्लाइंग ब्रँचला, म्हणजे पायलट व्हायला, बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत किमान 50 टक्के हवेतच. बी ग्रुपला गणितच नसतं, मग पुढे बी.एस्सी.ला 80 टक्के मिळवले तरी उपयोग नाही. दहावीतल्या मुलांच्या आईवडिलांनो, हे आत्ताच बघा. पदवी मात्र कुठल्याही शाखेची चालते, 60 टक्क्यांनी. शेवटच्या वर्षाला असाल तर एकही विषय राहिलेला नको.

वयाची अट 20 ते 24, पण ती कोर्स सुरू होण्याच्या तारखेला. जानेवारी 2026 च्या कोर्ससाठी जन्म 2 जानेवारी 2002 ते 1 जानेवारी 2006 यांमधला हवा होता. फॉर्मच्या दिवशीचं वय मोजून कितीतरी जण फसतात. कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर मर्यादा 26.

आता नाव. एका मुलाने माझ्यासमोर दोन कागद ठेवले: दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावापुढे ‘राव’, आधारवर आडनाव शेवटी आणि ‘भाई’. आपल्या घरांत हे सर्रास आहे. फॉर्म दहावीप्रमाणेच भरा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. निकाल ग्रेडमध्ये असेल तर टक्के काढण्याच्या सूत्राचं विद्यापीठाचं पत्रही घ्या. हे पत्र लागतं, असं आपणहून कुणी सांगत नाही, याचा मला संताप येतो.

लेखी परीक्षा ऑनलाइन: 100 प्रश्न, 300 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पुढच्या मुलाखतीसाठी निवड मंडळ गांधीनगरलाही आहे, फॉर्ममध्ये पसंती देताना लक्षात ठेवा.

तिथली पायलट निवडीची कॉम्प्युटर चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग ब्रँच कायमची बंद. ‘बघू या, जमलं तर जमलं’ म्हणून जाऊ नका रे, पोरांनो.

आणि उंची 162.5 सेंटीमीटर भरली म्हणून निश्चिंत होऊ नका, पायांची लांबीही मोजतात. घरीच भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसा, पाय सरळ करा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप लावा. 99 ते 120 सेंटीमीटर यायला हवेत.