सुई तीच, उपचार निराळे : अ‍ॅक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग

कोकणात अंगदुखीलाही हंगाम असतो. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून पाठीत उसण भरते, आंब्याच्या दिवसांत झेला (फळे उतरवायची जाळीची काठी) उंच धरून मान आणि खांदे भरून येतात, आणि काजू सोलणाऱ्या किंवा जाळी दुरुस्त करणाऱ्या माणसांची मान तर बारमाही दुखते. बाम, शेक आणि गोळ्या करून झाल्यावर ‘तालुक्याला जाऊन सुया लावून घेतल्या’ असे सांगणारे कोणीतरी आता ओळखीत निघते. मात्र त्या सुया अ‍ॅक्युपंक्चरच्या होत्या की ड्राय नीडलिंगच्या, हे त्यांना बहुधा सांगता येत नाही, कारण कोणी ते सांगितलेलेच नसते. हा फरक रुग्णाला आधी कळला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते. टेबलावर झोपल्यावर काय होणार, किती दुखणार, किती वेळा यावे लागणार आणि जबाबदार कोण, या सगळ्यांची उत्तरे त्यावरच ठरतात.

गोंधळ होतो तो सुईमुळे. दोन्ही उपचारांत वापरली जाणारी सुई भरीव असते, तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही, आणि तिची जाडी साधारण ०.१६ ते ०.३० मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. फरक आहे तो सुई कोठे आणि कोणत्या विचाराने टोचली जाते, यात.

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनमधील दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी परंपरा आहे. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, त्या मार्गांवरील बिंदूंना चेतना दिली की तिचा तोल सावरतो, अशी तिची मांडणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत. हे मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेले नाहीत. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. भारतात ही पद्धत रुजवली ती डॉ. बिजयकुमार बसू यांनी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासह १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते, आणि पुढे १९५८-५९ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले.

अ‍ॅक्युपंक्चरच्या पहिल्या भेटीत चौकशीच बराच वेळ चालते. झोप, भूक, पाळी आणि पोट यांविषयी विचारतात, जीभ पाहतात, नाडी पाहतात. त्यानंतर पाच-सातपासून पंधरा-वीसपर्यंत सुया लावून वीस ते तीस मिनिटे स्वस्थ पडून राहायला सांगतात. मान दुखत असताना सुई हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात लागली, तर रुग्णाला नवल वाटते. पण या पद्धतीत दुखऱ्या जागेपासून दूरचे बिंदू निवडणे नेहमीचेच आहे. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि मग त्या जागी जडपणा, मंद ठणका किंवा मुंग्या जाणवतात. ही जाणीव उपचाराचा भाग मानली जाते. तीव्र, विजेचा झटका बसल्यासारखी कळ मात्र तसा भाग नव्हे, ती आली तर लगेच सांगावे. अनेकांना सुया अंगात असतानाच डोळा लागतो.

ड्राय नीडलिंगमध्ये डोळा लागण्याची शक्यता फारच कमी. ही पद्धत विसाव्या शतकातली, पाश्चात्त्य वैद्यकातून आलेली. स्नायूत ताणलेला, दोरीसारखा पट्टा तयार होतो आणि त्यात एखादी दाबताच कळ देणारी गाठ असते. अशा गाठीची वेदना दूरवर पसरू शकते, हे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दाखवून दिले. ट्रॅव्हेल अशा गाठीत औषध टोचत असत. सुईने औषधाशिवायही आराम पडतो, हे कारेल लेविट या चेक वैद्याने १९७९ मध्ये मांडले. गाठींची ही संकल्पनाही वादातीत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एकाच रुग्णाला तपासून दोन तज्ज्ञ नेमकी तीच गाठ दाखवतील, असा भरवसा नसतो.

प्रत्यक्षात काय होते, ते खांद्याच्या उदाहरणावरून पाहावे. मानेच्या बुडापासून खांद्याकडे उतरणारा स्नायू फिजिओथेरपिस्ट चाचपतो, गाठ सापडली की तो भाग अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरून वर उचलतो, त्या चिमटीतच सुई घालतो आणि किंचित मागेपुढे करतो. नेमकी जागा लागली की स्नायू आपोआप, क्षणभर टचकन उडतो. दुखणे बरेचदा कानामागे किंवा कपाळाच्या कडेपर्यंत जाते. सुया थोड्या असतात आणि काम मिनिटांत आटोपते, पण पुढचे एक-दोन दिवस ती जागा ठणकते. आंबा उतरवण्याच्या आदल्या दिवशी हे करून घेणे म्हणूनच सोयीचे नाही. सुईनंतर ताण देण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम सांगितले जातात. ते न करणाऱ्याला पुन्हा तीच गाठ दाखवायला यावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही पद्धतींची हद्द सर्वत्र स्वच्छ नाही. ‘दाबल्यावर दुखते तोच बिंदू’ असे मानण्याची रीत चिनी परंपरेतही आहे. गाठी आणि बिंदू ७१ टक्के जुळतात, असे १९७७ मधील एका प्रसिद्ध शोधनिबंधात म्हटले होते; ते गणित पुढे सदोष ठरवले गेले, तरी वाद मिटलेला नाही.

गुण किती येतो, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना आराम पडला. म्हणजे आराम खरा होता, पण बिंदूच्या नेमकेपणाचा त्यातला वाटा फार थोडा निघाला. ड्राय नीडलिंगने मान-खांद्याचे दुखणे थोड्या काळापुरते कमी होते, एवढा आधार आहे. दीर्घकालीन फायद्याचा पुरावा तोकडा आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुयांनी सुटतील असे जो सांगतो, त्याच्या टेबलावर झोपू नये.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. ड्राय नीडलिंग ही मात्र स्वतंत्र चिकित्सापद्धती नव्हे. ते बहुधा फिजिओथेरपिस्टनी वेगळे शिकून घेतलेले तंत्र असते. त्यामुळे पहिल्या ठिकाणी नोंदणी विचारावी आणि दुसऱ्या ठिकाणी नोंदणीबरोबरच या तंत्राचे शिक्षण कोठे घेतले तेही विचारावे. सुया आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढल्या जात आहेत ना, हे दोन्हीकडे पाहावे.

अ‍ॅक्युपंक्चरसाठी आठवड्यातून एक-दोनदा, अशा सहा ते दहा बैठका लागतात. ड्राय नीडलिंगचा फरक दोन-चार बैठकांत कळायला हवा. एसटीने दीड-दोन तास येऊन-जाऊन करणाऱ्या माणसाला हा हिशेब फीइतकाच महत्त्वाचा असतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी विचारावा. संकष्टीच्या किंवा एकादशीच्या उपवासात, रिकाम्या पोटी जाऊ नये, भोवळ येते. रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण आणि पेसमेकर यांची माहिती आधी द्यावी.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. शेतात साचलेल्या पाण्यात उभे राहून काम केल्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या असह्य दुखू लागल्या, तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा संसर्ग, असू शकतो. तेथे दोन्हींपैकी कोणतीच सुई कामाची नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तरीही थेट रुग्णालय गाठावे.

छाती, पाठीचा वरचा भाग आणि खांदा येथे सुई खोल गेली, तर क्वचित फुप्फुसाला छिद्र पडते. खांद्याचा स्नायू चिमटीत उचलून धरायचा तो यासाठीच. ही इजा कधी कधी टेबलावर कळत नाही. घरी पोहोचल्यावर, काही तासांनी श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचू लागते किंवा दम लागतो. तसे झाले तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता, रात्रच असली तरी १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच सुया लावल्याचे सर्वांत आधी सांगावे.