आयडलिंगमधील बिघाड (कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारी)

ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, गाडी न्यूट्रलला असताना इंजिन ज्या मंद गतीने आपले आपण फिरत राहते तिला आयडलिंग म्हणतात. गॅरेजच्या बोलीत नुसते ‘स्लो’. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, मॉरिस मायनर, फोक्सवॅगन बीटल, सुरुवातीची मारुती 800 अशा कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाड्यांत ही गती साधारण मिनिटाला 700 ते 900 फेरे असते. ती बिघडली की गाडी सिग्नलला बंद पडते, थरथरते, उगाच रेस राहते किंवा ‘हंटिंग’ करते, म्हणजे गती एका लयीत वरखाली होत राहते.

गोव्यात हा विषय अजून जिवंत आहे. 1961 पर्यंत पोर्तुगीज अमल असल्यामुळे परदेशी गाड्या येथे थेट उतरत. पुढे पद्मिनी आणि ॲम्बेसेडर आल्या. त्यामुळे येथील जुन्या मेकॅनिकच्या हाताखालून सोलेक्स आणि एसयू असे दोन्ही घाटांचे कार्ब्युरेटर गेलेले असतात.

आयडलिंगला थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेची) पाकळी जवळजवळ मिटलेली असते. तिच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत), मोठी पोकळी तयार होते आणि त्या ओढीने सोलेक्समध्ये स्लो जेटमधून, म्हणजे स्लोसाठीच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल येते. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत: 50 म्हणजे अर्धा मिलिमीटर. इतक्या बारीक वाटेत कचऱ्याचा एक कण अडकला तरी गाडी स्लोला उभी राहत नाही. मात्र रेस दिली की व्यवस्थित पळते, कारण तेव्हा मुख्य जेट काम करू लागतो. ‘चालते चांगली, फक्त थांबल्यावर बंद पडते’ ही तक्रार आली की स्लो जेट आधी काढून पाहावा. तो कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावा; तार कधीही घालू नये, छिद्र मोठे होते आणि मग कोणतेच सेटिंग बसत नाही.

जेट स्वच्छ असला, तर कार्ब्युरेटरला हात लावायची पाळी सर्वांत शेवटी येते. स्लो बिघडला की पहिल्याच मिनिटाला स्क्रू-ड्रायव्हर मिश्रणाच्या स्क्रूवर नेण्याची सवय घातक आहे. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो आणि त्यात दुसऱ्याची भर पडते. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग ठिणगीची बाजू, म्हणजे प्लग, पॉइंट (डिस्ट्रीब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर आणि टायमिंग पाहावे. पॉइंटची फट ॲम्बेसेडरमध्ये साधारण 0.4 मिलिमीटर असते. पावसाळ्यात डिस्ट्रीब्युटरच्या टोपीत दव धरते, ठिणगी भलतीकडे जाते आणि सकाळी इंजिन मिसिंग करते. टोपी आतून कोरडी पुसली की कित्येकदा तेवढ्यावरच काम भागते.

त्यानंतर हवा कुठून शिरते ते शोधावे. मॅनिफोल्डचे गॅस्केट, कार्ब्युरेटरखालचा वाकलेला फ्लँज, ब्रेक सर्व्होचा (इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) फुटलेला पाइप आणि थ्रॉटलचा झिजलेला दांडा या नेहमीच्या जागा. दांडा दोन बोटांत धरून वरखाली हलवला आणि खुळखुळला, तर तेथून हवा ओढली जाते. स्क्रू कितीही फिरवा, स्लो आज एक आणि उद्या दुसराच. त्यावर उपाय एकच, दांड्याचे नवे बुश (आतली अस्तरनळी) बसवणे. गॅस्केटची गळती शोधायला इंजिन चालू ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. एखाद्या जागी गती बदलली की गळती तेथेच. या कामाला पेट्रोल किंवा क्लीनर मारतात, पण गरम मॅनिफोल्डशेजारी तो आगीशी खेळ आहे. व्हॅक्यूम गेज असेल तर निदान लवकर होते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनात काटा साधारण 450 ते 530 मिलिमीटर पाऱ्यावर स्थिर उभा राहतो. स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक तालात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळाला असल्याची शंका घ्यावी, आणि ते दुखणे कार्ब्युरेटरने बरे होत नाही.

स्लो वाढलेला राहत असेल तर चोकची तार पूर्ण परत येते का, ॲक्सिलरेटरची केबल अडकते का, रिटर्न स्प्रिंग ढिली झाली का हे पाहावे. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटला (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याला) भोक पडले आहे का, पेट्रोल आत सोडणारा नीडल व्हॉल्व्ह झिजला आहे का ते तपासावे.

जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेली गाडी हे गोव्यातले खास प्रकरण. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो; जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगावर पांढरी भुकटी धरते. देशात 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा त्रास वाढवला आहे. इथेनॉल हवेतला दमटपणा शोषते आणि पाणी फार झाले की ते पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते, जेथून पंप पेट्रोल उचलतो. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्याने फुगतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते आणि स्लो डळमळतो. पावसाआधी कार्ब्युरेटर रिकामा करावा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात.

एवढे सगळे ठीक असेल तरच मिश्रणाच्या स्क्रूला हात लावावा. आधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घालून किती फेरे बसले ते लिहून ठेवावे आणि परत तितकाच बाहेर काढावा. इंजिन पूर्ण तापल्यावर एअर फिल्टर लावूनच सेटिंग करावे. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गती सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत सलग होईल तेथे थांबवावा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने गती खाली आणावी, आणि हे पुन्हा एकदा करावे. एसयूची परीक्षा वेगळी: कार्ब्युरेटरमधला पिस्टन साधारण पाऊण मिलिमीटर उचलावा. गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन मरू लागले तर लीन, किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर. दोन एसयू असतील तर मिश्रणाआधी दोघांची हवा सारखी करावी. नळीचे एक टोक कानाशी धरून दोन्ही तोंडांची सूं ऐकणे ही जुनी पद्धत आजही पुरते.

पणजीला सेट केलेली गाडी चोर्ला घाटाने बेळगावला, सुमारे 750 मीटर उंचीवर, नेली की विरळ हवेमुळे मिश्रण थोडे रिच होते आणि गेजचा काटाही साधारण 60 मिलिमीटर खाली दिसतो. तो बिघाड समजून तेथे स्क्रू फिरवला, तर घाट उतरल्यावर गाडी लीन होऊन पुन्हा बंद पडू लागते.